जुन्या शेगडीची अडकलेली चाके

अमेरिकेत घरामागील अंगणात कोळशावर मांस भाजण्याची प्रथा जुनी आहे. परंतु घुमटासारख्या झाकणाची शेगडी त्या मानाने अलीकडची होय. १९५२ मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यातील जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणारा धातूचा पोकळ बोया मधोमध कापला. खालच्या अर्ध्या भागाचे पात्र झाले आणि वरच्याचे झाकण. पुढे रूढ झालेल्या या शेगडीला तीन पाय असतात. त्यांपैकी दोन पायांच्या तळाशी एक पोलादी आस आरपार गेलेला असतो व त्याच्या दोन्ही टोकांना चाके बसविलेली असतात.

अशी जुनी शेगडी पूर्ववत करू पाहणाऱ्याची खरी परीक्षा या चाकांपाशी होते. पात्रावरील एनॅमल धुतल्यावर उजळते. चाके मात्र जागची हलत नाहीत. याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण रचनेतच आहे. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकावर पोलादाची एक लहान टोपी ठोकून बसविलेली असते. तिच्या आतील दातांची रचना अशी असते की टोपी आत सहज सरकते, परंतु बाहेर ओढू लागताच दात आसात अधिकच रुततात. चाकाला हिसके देणारा मनुष्य म्हणूनच स्वतःच्या कष्टांनी ती पकड घट्ट करीत असतो.

दुसरे कारण गंज होय. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो व फटी बुजवून टाकतो. पाय अ‍ॅल्युमिनियमचे असल्यास ओलाव्यात पोलादाच्या सान्निध्याने अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी छिद्रात घट्ट बसते.

यावरून कामाचा क्रम ठरतो. प्रथम तारेच्या ब्रशाने सांधा स्वच्छ करून त्यात गंज सोडविणारे पातळ तेल सोडावे व रात्रभर तसेच राहू द्यावे. त्यानंतर टोपीच्या कडेखाली पातळ पेचकस घालून, एकदा या बाजूने व एकदा त्या बाजूने, ती थोडी थोडी उचलावी. ती दाद देत नसेल तर कानशीने घासून कापून टाकावी. आस पायात अडकला असल्यास ओढण्यापूर्वी पकडीने तो मागेपुढे फिरवावा. तापविल्यास अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून तेल पुसून काढून पायावर उकळते पाणी ओतल्यास पकड ढिली होण्याचा संभव असतो. ज्योत मात्र वापरू नये. तिने चाकाचे प्लॅस्टिक वितळते व उरलेले तेल पेट घेते.

एवढे करूनही यश न आल्यास दोन पायांमधील उघड्या भागात आस करवतीने कापावा आणि त्याचे तुकडे दोन बाजूंनी काढावेत. येथे पुष्कळांचा हात कचरतो, कारण मूळ वस्तूचा कोणताही भाग नष्ट करणे त्यांना पाप वाटते. परंतु टोपी आणि आस हे सामान्य भाग होत. त्यांच्या मापाचे नवे मिळू शकतात. त्या काळचे चाक किंवा दुभंगलेला पाय तसाच मिळणे दुरापास्त असते. कशाचा बळी देऊन काय वाचवावयाचे, हे हातोडा उचलण्यापूर्वीच ठरविले पाहिजे.

नवा आस बसविताना त्याला ग्रीज लावावे आणि टोपी ठोकण्यापूर्वी चाक मोकळे फिरते की नाही ते पाहावे. टोपी एकदा बसली की ती सहजासहजी परत निघत नाही.