सायबर गुन्ह्यातील अटक : जामीन आणि जामीनदार

थोड्या पैशांच्या आशेने आपले बँक खाते परक्याच्या हाती देणारा भामरागड वा जिवती तालुक्यातील तरुण दूरच्या राज्यातील फसवणुकीच्या प्रकरणात आरोपी ठरू शकतो. अशा वेळी कुटुंबीयांनी प्रथम अटकेची कलमे पाहावीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील ६६सी व ६६डी ही कलमे जामीनपात्र आहेत. तेथे जामीन हा हक्कच होय. मात्र भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) जोडले गेल्यास गुन्हा अजामीनपात्र होतो आणि निर्णय न्यायालयाच्या विवेकाधीन राहतो. या कलमाखाली ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास जामिनाचा हक्क निर्माण होतो. पण त्यासाठी अर्ज वेळीच करावा लागतो.

खरी अडचण त्यानंतरची. जामीन मंजूर होतो, जामीनदार मिळत नाही. वनहक्काची जमीन हस्तांतरणीय नसल्याने तिच्या आधारे ऐपत दाखविणे सोपे नसते. मोतीराम प्रकरणात कनिष्ठ न्यायालयाने एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला व भावाची मालमत्ता परजिल्ह्यात म्हणून त्याची हमी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे अनुचित ठरवून त्यास १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले. परराज्यात अटक झालेल्या आदिवासी तरुणाच्या वकिलाने हा निर्णय अवश्य पुढे ठेवावा. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळाल्यास आरोपीस निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूदही आहे.

कोठडीतील प्रत्येक व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे. ज्या जिल्ह्यात खटला असेल तेथील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.