चुकवलेला आकडा

चि. मृणाल,


तू पाठवलेली पाच ऑनलाइन कोर्सची यादी काल रात्री नीट वाचली. ‘आत्या, यातला कुठला करू?’ असं विचारलं आहेस. तूर्त एकही नको. आधी अकाउंट्स असिस्टंटच्या दहा जाहिराती वाच. कोण काय मागतंय ते वहीत लिही आणि जे शब्द पुन्हा पुन्हा येतील त्यांच्याखाली रेघ मार. कोर्स त्या रेघांसाठी शोधायचा.

तू २०१६ मध्ये नोकरी सोडलीस तेव्हा व्हॅट होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, आणि पुढे टॅली ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम. एवढं नवं आहे खरं, पण नावे-जमा तेच आहे. बँकेचा ताळा जुळत नसेल तर कुठे शोधायचं हे तुला येतं. तेव्हा ‘मला आता काहीच येत नाही’ हे पालुपद बंद कर.

माझी फजिती सांगते. एक्सेल २००७ आमच्या ऑफिसात आलं आणि ओळखीचे मेनू जाऊन वर ती रिबनची पट्टी दिसू लागली. घाबरून मी एका क्लासला पैसे भरले. सर पडद्यावर भराभर दाखवायचे, मी मान डोलवायचे. प्रमाणपत्रही मिळालं. महिन्याभरात पगारपत्रक नावांप्रमाणे लावायला बसले. मध्ये एक कॉलम रिकामा होता, त्यामुळे नावं हलली आणि पगार जागच्या जागी राहिले. शिपायाच्या नावासमोर मॅनेजरचा पगार! नशीब, चेक लिहिण्याआधी लक्षात आलं. त्या दिवशी कळलं की डोळ्यांनी शिकलेलं बोटांना ठाऊक नसतं.

म्हणून कोर्स निवडताना तीन गोष्टी बघ. सोबत सरावाची फाइल देतात का, आपलं काम कोणी तपासतं का आणि सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती शिकवतात. शेवटचं फार महत्त्वाचं. एक्सलुकअप हे सूत्र सोयीचं आहे, पण एक्सेल २०१६ किंवा २०१९ मध्ये ते मिळत नाही, आणि पुष्कळ ऑफिसांत अजून जुनंच एक्सेल असतं. तेव्हा व्हीलुकअप आधी पक्कं कर. मग समइफ्स, मग पिव्हट टेबल. सुरुवातीला एवढं पुरे.

पैसे भरण्याआधी आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ बघ. फुकट आहेत, मराठीतही आहेत. त्यात एक्सेलऐवजी लिबरऑफिस कॅल्क आहे. तेही फुकट उतरवून घेता येतं आणि नेहमीची बरीचशी सूत्रं तीच चालतात. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपली शीट. थोडं बघायचं, थांबवायचं, करून बघायचं. मोबाइलवर नको, त्यावर नुसतं बघणंच होतं. मुलं शाळेत असताना पाऊण तास दार लावून बस. भाजी नंतर निवडता येते.

आणि सरावाला खोटे आकडे घेऊ नकोस. तुमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब तुझ्याकडेच आहे ना? एका शीटवर फ्लॅट आणि मालकांची नावं, दुसरीवर पावत्या. फ्लॅट नंबरवरून नाव आपोआप यायला हवं, ते व्हीलुकअपचं काम. कोणाची किती बाकी, ते समइफ्सचं. कुठल्या महिन्यात किती जमा झाले, ते पिव्हटचं. हीच फाइल मुलाखतीला घेऊन जा, फक्त लोकांची नावं बदलून. मधल्या वर्षांत काय केलं असं विचारलं तर लाजू नकोस. घर सांभाळलं म्हण आणि लॅपटॉप उघड.

पुढच्या रविवारी ती फाइल मला पाठव. मी त्यात एक आकडा चुकवून परत पाठवीन. कुठला, ते तू शोधायचं.

तुझी,
आत्या