केसाळ मूल

समजा, कळवणजवळच्या एका पाड्यावर मूल जन्मले. हातपाय धडधाकट. रडणे खणखणीत. पण कपाळावर, गालांवर, पाठीवर लांब लांब केस! मग काय होते? पाड्यावर कुजबुज सुरू होते.

"पोटुशी असताना बाईनं ग्रहण पाहिलं असंल."

"बाहेरचं काही लागलं असंल. भगताला बोलवा."

तिसरा म्हणतो, "अहो, हा तर मारुतीचा अवतार!" आणि नारळ फोडतो.

यांतले खरे काय? आज आपण तेच पाहू.

आईच्या पोटात प्रत्येक बाळाच्या अंगावर बारीक लव असते. तुमच्याआमच्याही अंगावर होती. बहुतेक बाळांची ती जन्माआधीच गळून जाते. क्वचित एखाद्या बाळाची लव गळत नाही, वाढतच राहते. कधी तिच्या जागी जाड केस येतात. डॉक्टर याला हायपरट्रायकोसिस म्हणतात. तळहात व तळपाय मात्र मोकळेच राहतात. काहींचे दात किंवा हिरड्या नीट वाढत नाहीत. हा आजार शिवल्याने, जवळ बसल्याने होत नाही.

मग तो येतो कुठून? नाक, डोळे, रंग आईबापांच्या बीजातून येतात. ही खूणही तशीच येते. कधी घराण्यात कोणाला नसतानाही बीजात आपोआप बदल होतो.

आपल्या महाराष्ट्रातल्याच एका घरची गोष्ट पाहा. सहा बहिणी. तिघींना असे केस आले, तिघींना नाही. आई एकच, घर एकच. वडिलांना मात्र असेच केस होते. आता सांगा, यात आईचा काय दोष? ग्रहणाचा काय संबंध?

इंग्रजीत या आजाराला 'लांडगामानवाचा आजार' असेही नाव पडले आहे. युरोप खंडात पूर्वी लांडग्यांची फार भीती होती. माणूस रात्री लांडगा होतो, अशा गोष्टी लोक सांगत. आपल्याकडे माणसाचा वाघ होतो असे सांगतात, तशाच त्या. 1589 साली जर्मनीत एका शेतकऱ्यावर असाच आळ आला. छळाच्या भीतीने त्याने कबुली दिली. त्याला हालहाल करून मारले.

पण केसाळ माणसांमुळे या गोष्टी निघाल्या काय? आम्हांला तसे वाटत नाही. असा माणूस लाखांतही एक सापडत नाही. गोष्टी मात्र गावोगाव होत्या. भीती आधीच मनात होती. केसाळ माणूस दिसला, की ती त्याच्या माथी मारली.

पेद्रो गोन्झालेस हा असाच मुलगा. 1547 साली त्याला फ्रान्सच्या राजाकडे नेले. लोकांना वाटले, हे रानटी जनावर. राजाने त्याला शिकवले. तो लॅटिन भाषा शिकला. त्याचे लग्न झाले. त्याच्या काही मुलांनाही असेच केस होते.

आज काय करावे? मूल सरकारी दवाखान्यात दाखवावे. आजार मुळापासून जाईल असे औषध अजून नाही. केस कापता येतात. लेसर किरणांनी ते कमी करता येतात, पण पुन्हा येतात. मोठ्या माणसाला एकाएकी असे केस येऊ लागले, तर लवकर डॉक्टरांकडे जावे. कधी औषधांमुळे, कधी दुसऱ्या आजारामुळे तसे होते.

आणि कोणाला सैतान किंवा करणी करणारी म्हणून हिणवू नये. महाराष्ट्रात 2013 पासून तो गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि दंडही आहे.

मध्य प्रदेशातल्या रतलाम जिल्ह्यातला ललित पाटीदार असाच केसाळ. शाळेत पहिल्यांदा मुले त्याला भ्यायली. मग ओळख झाली, बोलणे झाले, भीती गेली. 2025 साली जगातल्या विक्रमांच्या पुस्तकात त्याचे नाव आले.

तेव्हा अशा मुलाला देव म्हणून पुजू नका, भूत म्हणून हाकलू नका. त्याला नाव ठेवा, पाळण्यात घाला, वेळ आली की शाळेत धाडा.

प्रश्न
1. जन्माआधी बाळाच्या अंगावर काय असते?
2. सहा बहिणींच्या गोष्टीवरून काय समजते?
3. तुमच्या गावात असे मूल जन्मले, तर तुम्ही त्याच्या आईला काय सांगाल?