हृदयाचा पहारेकरी आणि चुंबक

ता. २७ जानेवारी २०१८ रोजीं मुंबईंतील नायर रुग्णालयांत एक दुःखद अपघात घडला. आजारी नातलगाबरोबर आलेला एक तरुण प्राणवायूचा सिलिंडर घेऊन एम्. आर्. आय्. यंत्राच्या खोलींत गेला. यंत्रांतील चुंबकानें सिलिंडर क्षणार्धांत ओढून घेतला व त्यासवें ओढला गेलेला तो तरुण प्राणांस मुकला. चित्र घेण्याचें काम थांबलें तरी हा चुंबक जागाच असतो. मग ज्याच्या छातींतच धातूचें यंत्र आहे, त्यानें त्या खोलींत कसें जावें?

कांहीं रुग्णांचें हृदय एकाएकीं नियमित ठोके सोडून नुसतें थरथरूं लागतें. रक्त पुढें जात नाहीं व थोड्याच मिनिटांत मृत्यु ओढवतो. अशा वेळीं विजेचा धक्का देऊन हृदयास ताळ्यावर आणणारी एक डबी छातीच्या कातडीखालीं बसवितात. तिला डिफिब्रिलेटर म्हणतात. तिची तार शिरेंतून हृदयांत जाते. डॉ. मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांनीं हें साधन १९८० सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें प्रथम मनुष्यास बसविण्यांत आलें.

ह्या डबीस एम्. आर्. आय्. पासून तीन प्रकारें धोका असतो. पहिला चुंबकाच्या ओढीचा: १.५ टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाहून सुमारें तीस हजार पट बलवान असतो. (अशा शक्तीचें स्वदेशी यंत्र घडविण्याचें काम आपल्या पवईच्या ‘समीर’ संस्थेनें हातीं घेतलें.) दुसरा धोका क्षणोक्षणीं बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा: त्यानें तारेंत उठणारे विजेचे तरंग हीच हृदयाची थरथर समजून डबी नाहक धक्का देऊं शकते. तिसरा रेडिओलहरींचा: लांब तार त्या लहरी एरियलप्रमाणें ग्रहण करिते व तिचें टोंक तापून हृदयास इजा होऊं शकते.

तंत्रज्ञांनीं ह्यावर उपाय योजिले. डबींतील लोहमय भाग कमी केले, चुंबक जवळ येतांच हलणारी जुनी कळ बदलली, तारेची रचना टोंक फार तापूं नये अशी केली. अशा डबीस अमेरिकेंत २०१५ सालीं सरकारी मान्यता मिळाली, परंतु अटींवर. मुख्य अट ही कीं, चित्र घेण्यापूर्वीं डबीचें धक्का देण्याचें काम बंद करावें.

येथेंच खरी कसोटी आहे. पहारेकरी निजला असतां हृदय थरथरूं लागलें तर? म्हणून तेवढा वेळ रुग्णाच्या हृदयावर सतत नजर ठेवितात, बाहेरून धक्का देणारें यंत्र सज्ज ठेवितात व काम संपतांच डबी पुन्हां चालू करितात. अमेरिकेंत जुन्या धर्तीचे पेसमेकर व डिफिब्रिलेटर बसविलेल्या रुग्णांच्या १,५०० तपासण्यांची पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तपासणीच्या वेळीं एकहि मृत्यु घडला नाहीं. एक डबी मात्र तत्काळ बदलावी लागली. ती तपासणीपूर्वीं नियमाप्रमाणें लावून ठेवलेली नव्हती!

तात्पर्य, उत्तम यंत्रासहि सावध मनुष्याची जोड लागते. ज्या घरीं असा रुग्ण असेल, त्या घरच्यांनीं डबीचें ओळखपत्र जपून ठेवावें आणि अंधेरी असो वा मुलुंड, तपासणीचा दिवस ठरवितांनाच तें दाखवावें. घरीं परततांना ‘डबी पुन्हां चालू केली ना?’ असें विचारण्यास मुलांनींहि संकोच करूं नये. त्या एका प्रश्नानें आजोबांचे प्राण वांचूं शकतील.