धूर नाही, म्हणून धोका नाही?

भिलाईतील रुआबांधा वसाहतीत राहणारे एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. आजोबा विदर्भातून पोलाद कारखान्यात नोकरीसाठी आले आणि तेथेच स्थायिक झाले. आज त्यांचा नातू शिकवणी वर्गाला जातो. एके दिवशी आईला त्याच्या दप्तरात जाडसर पेनासारखी एक चकचकीत वस्तू सापडते. तिला आंब्याचा गोड वास येतो. आईने विचारताच मुलगा म्हणतो, “आई, ही काही सिगारेट नाही. हिच्यात धूर नसतो, नुसती वाफ असते.”

त्या आईच्या जागी तुम्ही असता, तर काय उत्तर दिले असते? केवळ रागावून भागणार नाही. आपण अतिशयोक्ती केली आणि ती मुलाच्या ध्यानात आली, तर आपल्या खऱ्या सांगण्यावरही त्याचा विश्वास बसणार नाही. म्हणून प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ या.

दोहोंत नेमका फरक काय?

सिगारेट व विडी यांत तंबाखू प्रत्यक्ष जळतो. झुरका घेताना सिगारेटच्या टोकाचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या ज्वलनातून ७,००० हून अधिक रसायने निर्माण होतात. कर्करोगास कारणीभूत होणारा डांबरासारखा चिकटा आणि रक्तातील प्राणवायूची जागा बळकावणारा कार्बन मोनॉक्साइड वायू त्यांतच असतात.

वेप अथवा ई-सिगारेट यात तंबाखूचे पान नसते. बॅटरीवर तापणारी एक बारीक तार असते. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन यांचे मिश्रण ती तार तापवते, आणि त्याचे सूक्ष्म तुषार ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत जातात. आज प्रचलित असलेली ई-सिगारेट होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ साली तयार केली. तो स्वतः धूम्रपानाच्या आहारी गेलेला होता.

मग वेप कमी घातक आहे काय?

येथे प्रामाणिकपणे उत्तर दिले पाहिजे. अनेक वर्षे सिगारेट ओढणाऱ्या माणसाने ती पूर्णपणे सोडून केवळ वेप घेतले, तर त्याच्या शरीरात जाणारी विषारी द्रव्ये पुष्कळ कमी होतात. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडविण्यासाठी डॉक्टर या साधनाचा उपयोग सुचवितात. परंतु जो दोन्ही ओढत राहतो, त्याला हा लाभ मिळत नाही.

मात्र दप्तरात वेप बाळगणारा तो मुलगा सिगारेट ओढतच नव्हता! त्याच्या बाबतीत तुलना करायची ती सिगारेटच्या धुराशी नव्हे, तर स्वच्छ हवेशी. या तुलनेत वेप निश्चितच घातक ठरते.

जळत नाही, तरीही

भिलाईकरांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. तेथील कोक भट्ट्यांत दगडी कोळसा जाळत नाहीत. हवा लागू न देता तो केवळ तापवितात. तरीसुद्धा त्यातून डांबर व बेंझॉल यांसारखे पदार्थ बाहेर पडतात. वेपमध्ये हे पदार्थ तयार होतात असे नाही. परंतु ज्वाला नसली तरी उष्णतेने पदार्थ बदलतात, हा नियम तेथेही लागू आहे. तार अति तापली की ग्लिसरीनसारख्या द्रव्यांपासून फॉर्माल्डिहाइड व अॅक्रोलीन ही दाहक रसायने निर्माण होऊ शकतात. तारेतील निकेल, क्रोमियम यांचे सूक्ष्म कणही तुषारांत आढळले आहेत.

आणखी जवळचे उदाहरण हवे काय? विदर्भातील खर्रा आणि छत्तीसगडातील गुडाखू यांचा कधी धूर निघतो काय? तरीही अशा धूरविरहित तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत छत्तीसगडातील सुमारे ३९ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, आणि त्यांतील बहुतेकांचा तंबाखू धूरविरहितच होता.

खरे बंधन कशाचे?

सिगारेट, खर्रा आणि वेप या तिन्हींना बांधणारा धागा म्हणजे निकोटीन. ओढलेले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूची वाढ वयाच्या सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असल्यामुळे किशोरवयीनांना त्याची सवय लवकर जडते. वेपच्या एका लहानशा कुपीत वीस सिगारेटींच्या पाकिटाइतके निकोटीन असू शकते. सिगारेट विझते, तेव्हा तरी हात थांबतो. वेप विझतच नाही.

प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हाच मुद्दा मांडला आहे. एखाद्या गोष्टीची मुभा आहे किंवा नाही, एवढेच पाहून तो थांबत नाही. ती गोष्ट आपल्यावर सत्ता चालवील काय, हेही तो पाहतो.

कायदा काय म्हणतो?

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे येथे मिळणारी प्रत्येक कुपी चोरट्या मार्गाने आलेली असते आणि तिच्यातील द्रव्याची हमी कोणीही देत नाही. अमेरिकेत २०१९-२० साली अशाच, मुख्यतः गांजातील द्रव्य मिसळलेल्या कुप्यांमुळे फुप्फुसे निकामी होऊन ६८ जण दगावले.

आईने काय म्हणावे?

ती म्हणू शकेल, “बाळा, ही सिगारेट नाही, हे तुझे म्हणणे खरे आहे. पण ही दोन दिवस बाजूला ठेवून बघ. जमले नाही, तर हिच्यात काय आहे ते तुझे तुलाच कळेल.” आणि त्या घरात वडील खर्रा खात असतील, तर त्यांनीही त्याच दिवशी आपली पुडी मुलाच्या वेपशेजारी ठेवावी. असे वडील उपदेश न करताही बरेच काही शिकवतील.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. त्यानंतर काही आठवड्यांत तलफ ओसरू लागते. साहाय्य हवे असल्यास शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनीवर सल्ला मिळतो.

उजळणीसाठी प्रश्न

१. वेप कोणासाठी सिगारेटपेक्षा कमी घातक ठरू शकते, आणि कोणासाठी ही तुलनाच चुकीची आहे?
२. ‘धूर नाही’ एवढ्यावरून एखादी वस्तू निर्धोक का मानता येत नाही?
३. तुमच्या घरात मुलासमोर प्रथम कोणी कोणती सवय बाजूला ठेवली पाहिजे?