प्लीहेच्या नीलेतील रक्ताची गुठळी

प्लीहा, म्हणजेच पाणथरी, उदराच्या डाव्या बाजूस फासळ्यांच्या आड असते. तिच्यातील रक्त प्लीहा-नीलेवाटे बाहेर पडते. ही नीला स्वादुपिंडाच्या पाठीमागून, त्याला अगदी खेटून, उजवीकडे जाते व आतड्यांकडून येणाऱ्या नीलेस मिळते. या संगमातून प्रवेशिका नीला बनते व ती यकृतात शिरते. प्लीहा-नीलेत गुठळी का होते, याचे उत्तर बहुधा स्वादुपिंडाच्या या शेजारातच सापडते.

वाहिनीच्या भित्तीस इजा, प्रवाहाची मंदगती आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही गुठळीची तीन मूळ कारणे होत. स्वादुपिंडाचा दाह झाल्यास पहिली दोन एकदमच उद्भवतात. दाह नीलेच्या भित्तीपर्यंत पसरतो आणि सुजेचा दाब तिच्यावर पडतो. मद्यपान व पित्ताशयातील खडे यांमुळे असा दाह होतो. केरळात मद्य न घेणाऱ्या तरुणांतही स्वादुपिंडात खडे निर्माण करणारा जुनाट दाह आढळला आहे. याखेरीज स्वादुपिंडाचा कर्करोग, उदरावरील शस्त्रक्रिया आणि रक्तपेशी अतोनात वाढविणारे अस्थिमज्जेचे विकार हीही कारणे असू शकतात.

मार्ग अडला की प्लीहा फुगते आणि तिचे रक्त जठराच्या वरच्या भागातील लहान नीलांकडे वळते. त्या ताणाने फुगतात व कधी फुटतात. मग रक्ताची उलटी होते किंवा शौचास डांबरासारखे काळे होते. अनेकांत मात्र कोणतेच लक्षण दिसत नाही.

निदानातील खरी अडचण येथेच आहे. वाढलेली प्लीहा पाहून हिवताप किंवा काळा आजार आठवतो. सोबत रक्ताची उलटी असल्यास यकृत निबर झाल्याची शंका येते. परंतु यकृताच्या तपासण्या निर्दोष असतील आणि दुर्बिणीतून केवळ जठराच्या माथ्यावरील नीलाच फुगलेल्या दिसतील, तर प्लीहा-नीलेचा विचार करावयास हवा. डॉप्लर सोनोग्राफीने प्रवाह तपासता येतो. पण आतड्यांतील वायूमुळे स्वादुपिंडामागचा भाग पुष्कळदा झाकला जातो. अशा वेळी शिरेतून रंजकद्रव्य देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये अडलेली नीला, पर्यायी मार्ग आणि स्वादुपिंडातील मूळ विकार ही तिन्ही दिसू शकतात.

हा भेद केवळ शास्त्रीय नव्हे. यकृत निरोगी असून वारंवार रक्तस्राव होत असेल, तर प्लीहा काढून टाकल्याने फुगलेल्या नीलांकडे जाणारा रक्ताचा ओघच थांबतो व रक्तस्राव सहसा कायमचा बंद होतो. निबर यकृताच्या रोग्यास असा सोपा उपाय उपलब्ध नसतो. म्हणून रक्ताची उलटी करणाऱ्या प्रत्येक रोग्याचा दोष यकृतावर टाकण्यापूर्वी त्याचे स्वादुपिंड तपासणे अगत्याचे ठरते.