शिरस्ता आणि रुजवात : आवर्ती कामांच्या स्वयंचलनाचा दफ्तरी मराठीच्या अंगाने विचार

कोणत्याही कचेरीतील कामे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात : प्रसंगाने उद्भवणारी आणि ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करावी लागणारी. हजेरीचा मासिक गोषवारा, प्रलंबित पत्रांची साप्ताहिक यादी, देयकांची स्मरणपत्रे ही दुसऱ्या प्रकारची कामे होत. ती आता मोठ्या प्रमाणावर संगणकाकडे सोपविली जात आहेत. वेळ एकदा नेमून द्यावी, पायऱ्यांचा क्रम सांगावा, कोणती पायरी कोणत्या अटीवर घ्यावयाची ते ठरवावे आणि शेवटी निष्पत्तीची नोंद घ्यावी, असे या नियतकालिक कार्यप्रवाहाचे चार घटक सांगता येतात. हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असा समज आढळतो. परंतु कचेरीचे काम हे मूलतः लेखनाचे काम असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकालाही तो परका नाही. दफ्तरी मराठीने या चार घटकांचा विचार फार पूर्वी केला होता. इतकेच नव्हे, तर काम होणे आणि झालेले काम पडताळले जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत हे तिने शब्दांतच नोंदवून ठेवले होते.

१

‘शिरस्ता’ हा शब्द प्रथम विचारात घ्यावा. तो फारसीतील ‘सर’ म्हणजे टोक आणि ‘रिश्ता’ म्हणजे धागा या दोन पदांपासून आला आहे. धाग्याचे टोक हाती असले की गुंडाळी आपोआप उलगडते. तद्वत शिरस्ता माहीत असला की कारकुनास प्रत्येक वेळी नव्याने आज्ञा घ्यावी लागत नाही. ‘रोजकीर्द’ ही दिवसाच्या व्यवहारांची त्या त्या दिवशी लिहिलेली वही, तर ‘खतावणी’ म्हणजे त्याच नोंदींची सदरवार मांडणी. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे दोन प्रमुख विभाग होते. चालते दफ्तर फडणिसाच्या देखरेखीखाली असे. एकबेरीज दफ्तरात सर्व हिशेबांची वर्गवारी होऊन वार्षिक जमा, खर्च व शिल्लक यांचा ‘तर्जुमा’ तयार होई. दिवसाच्या वहीतून वर्षाचा गोषवारा निघावा, तोही कोणी मुद्दाम आठवण न करता, ही या रचनेमागील कल्पना होय.

या रचनेतील काळही अर्थशून्य नव्हता. मराठी कागदपत्रांत वापरले जाणारे सुहूर सन सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशापासून, म्हणजे जूनच्या प्रारंभी, सुरू होई. म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणत. हिशेबाचे वर्ष पेरणीपाशी उघडत होते. भारत सरकारचे आर्थिक वर्ष इ. स. १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होते. कामाची वेळ नेमताना ती कोणत्या प्रयोजनाशी बांधली आहे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

२

सर्वांत लक्षणीय आहेत ते कागदावरील शेरे. शिवकालीन व उत्तरकालीन पत्रांवर ‘रुजू’, ‘सुरू सूद बार’, ‘मोर्तब सूद’ अशी लहान वाक्ये आढळतात. पत्र अधिकाऱ्याने पाहून ताडले, त्याची दफ्तरात नोंद झाली, समाप्तीची मुद्रा उठली, अशा एकेका पायरीची ती साक्ष होय. मजकूर कोणाचा हे एक आणि तो कोणाकोणाच्या हातून गेला हे दुसरे. दोन्ही एकाच कागदावर वाचता येतात. सतराव्या शतकात रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त लेखनवर्ग स्वतंत्र आहे, यावरूनही राज्यकारभारात लेखनक्रियेस दिलेले महत्त्व ध्यानात येते.

या शिस्तीचा दिल्लीशी संबंध जुना आहे. इ. स. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतला. त्या मोहिमेतील दंगलीत भानू घराण्यातील बाळाजीपंत दिल्लीतच मारला गेला. ज्यांच्या नावाशी फडणिशीची परंपरा कायमची जोडली गेली त्या नाना फडणिसांचा तो आजोबा. पुढे हिंगणे घराण्यातील वकील दिल्लीत राहून पुण्यास पत्रे पाठवीत. बादशाही दरबारातील दैनंदिन घडामोडींचे अखबार त्या काळी नियमाने लिहिले जात आणि निरनिराळ्या सत्ताधाऱ्यांचे वकील ते मिळवून आपापल्या धन्याकडे रवाना करीत. अखबाराची रीत ठरलेली असे. परंतु त्यातील कोणती वार्ता महत्त्वाची, कोणती संशयास्पद, हे सांगण्यासाठी वकिलाचे स्वतंत्र पत्र लागे. नित्यक्रमाने येणारा मजकूर आणि त्याचा अर्थ लावणारा मनुष्य यांची ही विभागणी आजही मार्गदर्शक ठरावी.

३

स्वातंत्र्योत्तर दिल्लीत हाच शिरस्ता केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत दिसतो. प्रलंबित प्रकरणांचे साप्ताहिक व मासिक गोषवारे, नियतकालिक विवरणांची तपासणी-यादी, आणि निदान सहा महिने ज्यांवर काही करता येण्यासारखे नाही अशा प्रकरणांचे ‘कॉल बुक’ ही सर्व साधने विसरण्याच्या मानवी स्वभावावरील तोडगे होत. इ. स. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने पुढे ई-ऑफिस ही प्रणाली तयार केली आणि नस्तीचा प्रवास कागदावरून पडद्यावर आला.

यंत्राकडून वेळेवर काम करवून घेण्याची एक मूळ रीत मात्र याहून जुनी आहे. इ. स. १९७९ मध्ये प्रसृत झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ नावाची व्यवस्था होती. तिची आज्ञा एका ओळीची : मिनिट, तास, महिन्यातील दिनांक, महिना आणि वार अशी पाच स्थाने व शेवटी करावयाचे काम. ‘शून्य, नऊ, तारा, तारा, एक’ असे लिहिले की दर सोमवारी सकाळी नऊ वाजता ते काम सुरू होते. तारा म्हणजे ‘कोणताही’. एवढ्या अल्पाक्षरी रचनेत वर्षभराचे वेळापत्रक मावते.

परंतु या ओळीस फक्त वेळ कळते. नेमक्या क्षणी यंत्र बंद असेल, तर मूळ क्रॉन ते चुकलेले काम मागाहून करीत नाही. ३१ तारखेस नेमलेले काम फेब्रुवारीत होतच नाही. यंत्राचे घड्याळ ग्रीनिच वेळेवर असेल, तर मध्यरात्रीचे काम दिल्लीत पहाटे साडेपाचला होते. पहिली फेरी पुरी होण्यापूर्वी दुसरी सुरू झाली, तर एकच स्मरणपत्र दोनदा जाते. यांपैकी कोणताही दोष गाजावाजा करीत नाही. कारकून रजेवर असला तर त्याची रिकामी खुर्ची दिसते. यंत्राने काम टाळले तर काहीच दिसत नाही.

४

म्हणून आवर्ती काम यंत्राकडे देण्यापूर्वी काही गोष्टी आवश्यक ठरतात. ते काम हाताने करताना कोणकोणत्या पायऱ्या लागतात हे आधी लिहून काढावे. जो शिरस्ता शब्दांत मांडता येत नाही तो यंत्रासही सांगता येत नाही. काम चुकून दोनदा झाले तरी परिणाम एकदाच व्हावा अशी त्याची रचना असावी. प्रत्येक फेरीची रोजकीर्द राहावी, आणि तीत यशाइतकीच अपयशाची व न झालेल्या फेरीचीही नोंद असावी. अखेरीस, ठरावीक अंतराने ती वही वाचणारा एक मनुष्य नावानिशी नेमलेला असावा. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत हुजूर दफ्तराची निगा ढिली पडली असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. पद्धत तीच होती; तिच्यावर लक्ष ठेवणारे उरले नव्हते.

आजच्या अनेक कागदांच्या तळाशी, तो संगणकाने तयार केला असल्यामुळे स्वाक्षरीची आवश्यकता नाही, अशा अर्थाचे वाक्य असते. ‘मोर्तब सूद’ आणि हे वाक्य दोन्ही मजकुराची समाप्तीच सांगतात. परंतु पहिल्यात जबाबदारीचा स्वीकार आहे, दुसऱ्यात तिची अनुपस्थिती. ज्याचे निवृत्तिवेतन एखाद्या चुकलेल्या फेरीमुळे अडले, त्याने कोणाकडे जावे याचे उत्तर त्या कागदावर सापडत नाही. स्मरण, मोजणी आणि रवानगी यंत्राने करावी. त्यात मनुष्याचे श्रम वाचतात आणि ते वाचणे इष्टच आहे. रुजवात मात्र ज्याला जाब विचारता येतो त्यानेच करावयाची असते. दफ्तरी मराठीने ‘रुजू’ हा शेरा मजकुरापासून वेगळा लिहिला, यामागील विवेक हाच होय.